कॅन्सर केअर की ट्रान्सलेशनल मेडिसिन? पदव्युत्तर शिक्षणाबद्दल सल्ला हवा

निरामया

नमस्कार मंडळी,

मी कॅन्सरच्या डे केअर विभागात परिचारिका आहे. शिरा शोधणं, पोर्ट फ्लश करणं, केमो चढवणं, उलटीचं औषध वेळेवर जातंय ना ते बघणं, हे रोजचं काम. आता पुढे शिकायचं पक्कं केलंय. दोन अभ्यासक्रमांच्या पात्रतेत बसते. पहिला कॅन्सर केअरचा: लक्षणांचं व्यवस्थापन, पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करून जीवनमान सुधारणारी शुश्रूषा), रुग्णांशी संवाद, सेवांचं नियोजन. दुसरा ट्रान्सलेशनल मेडिसिनचा, म्हणजे प्रयोगशाळेतलं संशोधन रुग्णापर्यंत नेण्याचा: बायोमार्कर, जीनोमिक्स, क्लिनिकल ट्रायलची आखणी, संख्याशास्त्र आणि शेवटी मोठा प्रबंध.

माझ्या मनात एक प्रश्न बरेच दिवस घोळतोय. आमच्याकडे आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध घेणारे रुग्ण खूप असतात. सुरुवातीला गार वस्तूला हात लागला की मुंग्या येतात, काही दिवसांनी जातात. केमोच्या पुढच्या सायकलींमध्ये (फेऱ्यांमध्ये) मात्र बोटांना आणि तळपायांना बधिरपणा राहू लागतो. डॉक्टर विचारतात, "हातापायाला काही त्रास?" उत्तर येतं, "नाही, ठीक आहे." आणि हाच माणूस सलाईन काढल्यावर शर्टाचं वरचं बटण लावताना चाचपडत असतो. बटण बोटांत असतं, पण ते त्याला जाणवत नाही, म्हणून तो मान खाली घालून बटणाकडे बघत राहतो. विचारलं तर सांगतो, "बोललो असतो तर डोस कमी केला असता ना."

हा प्रश्न घेऊन मी कुठल्या दारात जाऊ? एक वरिष्ठ म्हणाल्या, नर्सने प्रयोगशाळेत जाऊन काय करायचंय. मला ते पटत नाही, पण सांगता येत नाही का पटत नाही.

पेशीबंध

मी प्रयोगशाळेतला माणूस, ट्यूमर बायॉलॉजीत पीएचडी. माझं मत सरळ आहे, ट्रान्सलेशनल घ्या.

कारण सांगतो. तुमच्या या न्यूरोपथीवर (चेतातंतूंच्या इजेवर) उंदरांमध्ये ढीगभर काम झालंय. उंदराला औषध द्यायचं, मग त्याच्या पंजाला व्हॉन फ्रेचे (ठरावीक दाबाचे बारीक) तंतू टोचून तो पाय कधी मागे घेतो ते मोजायचं. पण हे उंदीर तरुण, बहुतेकदा एकाच वंशाचे, अनेक प्रयोगांत तर त्यांना ट्यूमरही नसतो. तुमचा रुग्ण साठीचा, मधुमेही, ट्यूमर काढून आलेला. उंदराने पाय मागे घेणं आणि माणसाला बटण न जाणवणं या दोन गोष्टी एकच आहेत असं आम्ही धरून चालतो. ते तसं नाही, हे आम्हाला सांगणारं माणूस आमच्या मीटिंगमध्ये नसतं. तुम्ही तिथे असायला हव्यात.

गवाक्ष

धागा वाचनखुणेत साठवलाय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि थोड्याफार फरकाने याच प्रश्नावर अडलेय.

अर्धविराम

निरामयाताई, मी मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट. तुम्ही जे पाहिलंय ते आमच्या फाईलमध्ये दिसत नाही, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

ग्रेडिंगचं उदाहरण घ्या. आम्ही सीटीसीएई ही दुष्परिणामांची तीव्रता ग्रेडमध्ये मोजण्याची पद्धत वापरतो. स्वयंपाक, खरेदी, फोन अशा कामांत अडचण येत असेल तर न्यूरोपथी ग्रेड २. स्वतःचे कपडे घालणं, आंघोळ, जेवण यांत अडचण आली की ग्रेड ३. म्हणजे बटण लागत नाही ही बारीकशी तक्रार नव्हे, त्यावर डोसचा निर्णय बदलू शकतो. शिवाय हा त्रास औषध थांबवल्याबरोबर थांबत नाही, थांबवल्यावरही दोन-तीन महिने वाढत राहू शकतो. रुग्ण "ठीक आहे" म्हणत शेवटच्या सायकलपर्यंत जातो आणि खरा त्रास उपचार संपल्यावर कळतो, तेव्हा तो आमच्या ओपीडीत नियमित येतही नसतो.

आणि डोस कमी झाला तर सगळं संपलं, ही भीती नेहमी खरी नसते. २०१८ मध्ये आयडिया या सहकार्याने सहा ट्रायलमधल्या १२,८३४ रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. तिसऱ्या टप्प्याच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर तीन महिने केमो विरुद्ध सहा महिने. तीन वर्षं आजार न परतता राहिलेल्यांचं प्रमाण ७४.६ टक्के विरुद्ध ७५.५ टक्के. फॉल्फॉक्स (ऑक्सॅलिप्लॅटिन असलेलं केमोचं एक मिश्रण) घेणाऱ्यांत ग्रेड २ किंवा त्यावरची न्यूरोपथी तीन महिन्यांच्या गटात १६.६ टक्के आणि सहा महिन्यांच्या गटात ४७.७ टक्के. "तीन महिने सहापेक्षा कमी पडत नाहीत" हे एकूण सर्वांसाठी ठरवलेल्या संख्याशास्त्रीय निकषावर सिद्ध झालं नाही, हेही सांगायला हवं. कमी धोक्याच्या गटात, विशेषतः कॅपॉक्स या तशाच दुसऱ्या मिश्रणाबरोबर, ते चांगलं टिकलं.

आज अनेक रुग्णांना निम्मंच औषध पुरतं, ते या आकड्यांमुळे. यात नवा रेणू कुणी शोधला नाही. मला हे ट्रान्सलेशनल कामच वाटतं, अगदी वरच्या दर्जाचं.

टोकदार

थोडं वेगळं बोलतो. धाग्यात सगळे गोड बोलतायत म्हणून.

केअरच्या अभ्यासक्रमांना शैक्षणिक जगात वजन नाही. निधी रेणूंना मिळतो, नावं जीनवाल्यांची होतात. प्रश्नावल्या वाटून प्रबंध लिहिलेल्या माणसाला पुढे कोण विचारतं? करिअर म्हणून बघायचं तर प्रयोगशाळेशिवाय पर्याय नाही.

संधिकाल

टोकदार, निधीबद्दल तुमचं बरोबर आहे. वजनाबद्दल साफ असहमत.

मी पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये काम करते. २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेली ट्रायल आठवा. फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांबरोबर निदानापासूनच पॅलिएटिव्ह टीम. दुसऱ्या गटाचं जीवनमान सुधारलं, नैराश्य कमी झालं, अखेरच्या काळातले आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही मध्यक आयुष्य ११.६ महिने, पहिल्या गटात ८.९. हा परिणाम एखाद्या गोळीने दाखवला असता तर तिचं नाव सगळ्यांना पाठ असतं.

आणि सिसिली सॉन्डर्स विसरू नका. त्या आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झालं ते त्यांच्यामुळे. मॉर्फिन दुखायला लागल्यावर देण्याऐवजी घड्याळ लावून नियमित द्यायचं, हे त्यांनी रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवून लोकांच्या गळी उतरवलं. खाटेशेजारी बसून, वहीत लिहून. त्याला संशोधन म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

सरासरीपलीकडे

संधिकालताईंच्या मुद्द्याला अनुमोदन, फक्त एक दुरुस्ती. त्या ट्रायलचा मुख्य निकष १२ आठवड्यांनंतरचं जीवनमान हा होता, आयुष्य वाढणं नव्हे. नंतरच्या सगळ्या ट्रायलमध्ये आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. त्यामुळे लवकर पॅलिएटिव्ह केअर देण्याचं मुख्य कारण जीवनमान हेच ठेवावं. ते कारण पुरेसं भक्कम आहे, त्याला उसन्या आकड्याची गरज नाही.

मी बायोस्टॅटिस्टिक्सचा. ताई, कोणताही अभ्यासक्रम घ्या, पण त्यात संख्याशास्त्र किती आणि कोण शिकवतं ते आधी बघा. या क्षेत्रात सद्हेतूने केलेल्या चुकांनी माणसं मेली आहेत. १९८० आणि ९० च्या दशकांत स्तनाच्या कॅन्सरमध्ये प्रचंड डोसची केमो आणि मग स्वतःचाच अस्थिमज्जा परत देणं, हा उपचार हजारो बायकांना दिला गेला. सुरुवातीचे निकाल डोळे दिपवणारे होते. पण त्या उपचाराला निवडलेल्या बायका मुळातच तब्येतीने बऱ्या, सगळ्या स्कॅनमधून चाळून घेतलेल्या. तुलना होती जुन्या नोंदींमधल्या सरसकट रुग्णांशी. १९९९ मध्ये यादृच्छिक (रुग्णांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडलेल्या) ट्रायलचे निकाल मांडले गेले तेव्हा फायदा जवळपास दिसलाच नाही. ज्या एका ट्रायलने ठळक फायदा दाखवला होता, तिची कागदपत्रं तपासल्यावर ती बनावट निघाली.

तुमच्या प्रश्नातही हाच सापळा आहे. न्यूरोपथीची प्रश्नावली शेवटच्या सायकलला कोण भरणार? जे तिथवर पोचले ते. ज्यांना फार त्रास झाला ते आधीच गळालेले. उरलेल्यांची सरासरी काढली तर त्रास कमी होत गेल्यासारखा दिसेल.

मात्रा

ऑन्कॉलॉजी फार्मसिस्ट आहे. ऑक्सॅलिप्लॅटिनचा विषय निघालाच आहे तर कॅल्शियम-मॅग्नेशियमची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

हे औषध शरीरात गेलं की ऑक्झलेट सुटतं. ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि त्यामुळे चेतातंतूंवरच्या सोडियम चॅनेलचं काम बिघडतं, असा तर्क. मग औषधाच्या आधी आणि नंतर कॅल्शियम-मॅग्नेशियम चढवलं तर? कागदावर सगळं चपखल. आधीच्या रुग्णांच्या नोंदी चाळल्या, तिथेही फायदा दिसला. झालं, ठिकठिकाणी ते देणं सुरू झालं. २००७ मध्ये एक ट्रायल थांबवली गेली, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे केमोचाच परिणाम कमी होतोय अशी शंका आली. पुढे स्वतंत्र तज्ज्ञांनी स्कॅन पुन्हा वाचले तेव्हा ती शंका खरी ठरली नाही. मग २०१४ मध्ये ३५३ रुग्णांच्या यादृच्छिक ट्रायलचा निकाल आला: न्यूरोपथी रोखण्यात काहीही फायदा नाही.

यंत्रणा पटणारी, नोंदी अनुकूल, हेतू चांगला, आणि तरी उत्तर "नाही". मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवते.

उलट ड्युलॉक्सेटिन. वेदना असलेल्या न्यूरोपथीसाठी २३१ रुग्णांच्या ट्रायलमध्ये ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं, २०१३ मध्ये. फायदा माफक आहे, पण खरा आहे. अशा न्यूरोपथीच्या उपचारासाठी मार्गदर्शक तत्त्वांत शिफारस आहे ती याच एका औषधाची. रोखण्यासाठी कुठलंच औषध शिफारशीत नाही. म्हणजे ताई, तुमचा प्रश्न आजही उघडा आहे.

पॅराफिन

हिस्टोपॅथॉलॉजीच्या टेबलावरून एक विनंती. ट्रान्सलेशनल शिकणारे सगळे सिक्वेन्सिंगबद्दल बोलतात, नमुना कुठून येतो याबद्दल कुणी बोलत नाही. एचईआर२ (स्तनाच्या कॅन्सरमध्ये बघितलं जाणारं एक प्रथिन) तपासायचं असेल तर ऊती फॉर्मलिनमध्ये ६ तासांपेक्षा कमी आणि ७२ तासांपेक्षा जास्त राहू नये. शुक्रवारी संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली आणि डबा सोमवारी दुपारी उघडला की मर्यादेच्या काठावर आलात. शिवाय ट्यूमर बाहेर काढल्यापासून फॉर्मलिनमध्ये जाईपर्यंतचा वेळ लिहिलेला हवा. तो रकाना कोरा असतो!

ब्लॉकसुद्धा (मेणात बसवलेला ऊतीचा ठोकळा) संपतो. निदानासाठी, मग इम्युनोसाठी (प्रथिनं रंगवून बघायला), मग जीन पॅनलसाठी काप घेत घेत तुमच्या प्रबंधाची पाळी येते तेव्हा नुसतं मेण उरलेलं असतं. विभाग निवडताना बायोबँक बघून या, आणि तिथल्या टेक्निशियनशी बोला, विभागप्रमुखांशी बोलून हे कळत नाही.

पेशीबंध

पॅराफिन, लाख बोललात. आमच्या बाजूची भर: पेशींच्या वाणाची (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींची) ओळख एसटीआर या डीएनए चाचणीने पटवल्याशिवाय एकही प्रयोग सुरू करू नये. भलत्याच पेशींवर वर्षानुवर्षं काम झाल्याची उदाहरणं आहेत, हेला या झपाट्याने वाढणाऱ्या पेशींनी तर कितीतरी वाण गिळंकृत केले. २०१२ मध्ये एका औषध कंपनीच्या संशोधकांनी लिहिलं होतं की कॅन्सरमधले ५३ नावाजलेले प्रयोग करून पाहिले, त्यातल्या फक्त ६ चे निकाल पुन्हा मिळाले.

टोकदार

मग प्रयोगशाळेत जाऊच नये असं म्हणायचंय का सगळ्यांना? ग्लिव्हेक हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध कुठून आलं?

अर्धविराम

प्रयोगशाळेतूनच आलं, आणि त्याचा इतिहास जरूर वाचावा. १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफर्ड यांना सीएमएलच्या (रक्ताच्या एका कॅन्सरच्या) रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले आहेत. गुणसूत्रांचे फोटो कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या जोड्या लावत असत. तिथून बीसीआर-एबीएल हे त्या अदलाबदलीतून तयार होणारं प्रथिन, मग ते अडवणारा रेणू, आणि २००१ मध्ये इमॅटिनिबला, म्हणजेच ग्लिव्हेकला, मान्यता. एकेचाळीस वर्षं!

पण टोकदार, एक बघा. आज त्या गोळीचा फायदा रुग्ण ती रोज घेतो की नाही यावर अवलंबून आहे. गोळीने मळमळतं, पाय सुजतात, म्हणून लोक मधल्या मधल्या दिवशी गाळतात आणि सांगत नाहीत. पुन्हा आपण निरामयाताईंच्या बटणापाशीच आलो.

सोबती

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. माझ्या पत्नीचे उपचार दीर्घकाळ चालले, तेव्हा सोबत होतो. आता एका संशोधन समितीवर रुग्णांच्या बाजूने बसतो.

रुग्ण का सांगत नाही, ते मला ठाऊक आहे. डॉक्टरांसमोर आपण परीक्षेला बसल्यासारखे असतो, पुढची केमो मिळाली की पास. नर्सशी तसं नसतं, तिथे माणूस मोकळा होतो. पण म्हणूनच एक काळजी वाटते. ताई, तुमच्याशी विश्वासाने बोललेलं उद्या संशोधनाच्या फॉर्मवर जाणार. ते डॉक्टरांना कळणार का? कळणार असेल तर रुग्ण तुमच्याशीही गप्प होईल. कळणार नसेल आणि त्याला ग्रेड ३ चा त्रास असेल, तर तो फॉर्म फाईलमध्ये ठेवून तुम्ही पुढची बाटली लावणार का?

निरामया

सोबतीकाका, हा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. फॉर्म फाईलमध्ये ठेवून बाटली लावणं मला जमणार नाही. म्हणजे सुरुवातीलाच रुग्णाला स्पष्ट सांगावं लागेल की अमुक पातळीच्या वर त्रास गेला तर मी डॉक्टरांना कळवीन.

संधिकाल

अगदी. आणि संमती तुम्ही स्वतः घेऊ नका. जिच्या हातात सुई आहे तिला नाही म्हणणं रुग्णाला अवघड जातं. हेलसिंकी जाहीरनाम्यात याची दखल आहे: रुग्ण संशोधकावर अवलंबून असेल तर संमती त्या नात्याबाहेरच्या, योग्य माहिती असलेल्या व्यक्तीने घ्यावी. एथिक्स कमिटी हे विचारणारच, आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहा.

आणि सोबतींच्या भीतीवर दिलासा देणारा एक पुरावा आहे. २०१७ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात ७६६ रुग्णांच्या ट्रायलचे निकाल आले. केमो घेणारे रुग्ण आपली लक्षणं संगणकावर स्वतः नोंदवत, त्रास तीव्र झाला किंवा वाढला की नर्सला ईमेल जाई आणि ती पाऊल उचले. नोंदवणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २६. म्हणजे रुग्णाने सांगितल्याने त्याचे उपचार हिरावले गेले नाहीत. नोंदवणाऱ्या गटातले लोक केमोवर जास्त काळ टिकले.

सरासरीपलीकडे

एकाच केंद्रातली ट्रायल होती, पण यादृच्छिक होती आणि नीट केलेली. हा निकाल मी वर्गात आवर्जून शिकवतो.

मात्रा

सरासरीपलीकडे यांनी एका तरी आकड्याला दुरुस्तीशिवाय पास केलं, धाग्याचं सार्थक झालं :)

गवाक्ष

अवांतर होईल, पण विचारते. ट्रान्सलेशनलच्या अभ्यासक्रमात फिजिओ, फार्मसी, नर्सिंगमधून आलेल्यांना मॉलेक्युलर बायॉलॉजी झेपतं का? मला वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखायची चाचणी) फक्त चित्रात माहीत आहे.

पेशीबंध

झेपतं. पहिले दोन-तीन महिने जड जातात. पेशीचक्र, सिग्नलिंगचे मुख्य मार्ग, पीसीआर, सिक्वेन्सिंगचा अहवाल कसा वाचायचा, एवढं आधी वाचून गेलात तर पुरे. उलट आमच्याकडून जाणाऱ्यांना ट्रायल प्रोटोकॉल वाचता येत नाही, वॉर्डात कुठे उभं राहायचं कळत नाही. जिथे दोन्हीकडचे विद्यार्थी एका बाकावर बसतात तोच अभ्यासक्रम चांगला. प्रवेशाआधी एकच गोष्ट विचारा: गेल्या वर्षीच्या प्रबंधांची शीर्षकं दाखवता का? सगळी पेशींच्या वाणांवरची असतील तर नाव ट्रान्सलेशनल असलं तरी तो बायोटेकचा अभ्यासक्रम आहे.

टोकदार

मी माझं करिअरचं म्हणणं मागे घेत नाही, निधीची वस्तुस्थिती तशीच आहे. पण हा प्रश्न ज्याच्याकडे आहे त्याने तो सोडू नये, हेही तितकंच खरं. ताई, मार्गदर्शक दोन घ्या. एक क्लिनिकमधला, एक मोजमाप जाणणारा. प्रयोगशाळा मग आपोआप जोडली जाईल, रक्ताचा नमुना तर तुम्ही घेताच आहात.

निरामया

सर्वांचे मनापासून आभार. ठरलंय, ट्रान्सलेशनलला अर्ज करतेय. प्रबंधाचे मार्गदर्शक मात्र एक मेडिकल ऑन्कॉलॉजीतले आणि एक पॅलिएटिव्हमधले असावेत असं अर्जातच लिहिणार. प्रश्न आता असा आखलाय: रुग्णाने स्वतः नोंदवलेला बधिरपणा आणि डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहिलेली ग्रेड यांत किती अंतर असतं, आणि ते अंतर कोणत्या सायकलपासून वाढतं. प्रश्नावली कोणती वापरू?

सरासरीपलीकडे

प्रो-सीटीसीएईमध्ये (सीटीसीएईची रुग्णाने स्वतः भरायची आवृत्ती) हातापायांच्या बधिरपणावर दोनच प्रश्न आहेत, गेल्या सात दिवसांतली तीव्रता आणि कामात येणारा अडथळा. प्रत्येक सायकलला विचारायला सोपी. सविस्तर हवी तर ईओआरटीसी या युरोपीय कॅन्सर संशोधन संस्थेची सीआयपीएन२० ही प्रश्नावली घ्या. तिच्यात बारीक वस्तू हाताळताना अडचण येते का असा प्रश्न आहे, आणि कंसात उदाहरण दिलंय ते छोटी बटणं लावण्याचंच. पहिल्या केमोच्या आधीची नोंद हवीच हवी, नाहीतर मधुमेहाचा बधिरपणा ऑक्सॅलिप्लॅटिनच्या खात्यावर जमा होईल. आणि जे मध्येच सोडून जातील त्यांची शेवटची नोंद आणि सोडण्याचं कारण, दोन्ही लिहा.

गवाक्ष

निरामयाताई, प्रश्नावलीच्या जोडीला हाताचं प्रत्यक्ष मोजमाप घ्यायचं असेल तर नाइन होल पेग टेस्ट आहे. नऊ खुंट्या भोकांत घालायच्या आणि काढायच्या, स्टॉपवॉच लावून. फार वेळ लागत नाही, दोन्ही हातांची वेगळी घ्यायची. पद्धत लिहून पाठवते. मी पण अर्ज करतेय.

निरामया

जरूर पाठवा! पहिली नोंद पहिल्या सायकलच्या सकाळीच घेता येईल. रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण खुर्चीत बसलेलेच असतात, आणि तोवर हातात सुईही नसते.